पगाराचे पैसे मागायला लाजू नका: दिव्यांग मुलांच्या संस्थांसाठी निधी, वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात या पानावर विचारलं होतं की दिव्यांग मुलांसाठी आणि तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थांचं पैशापायी नेमकं कुठे अडतंय ते लिहून पाठवा. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअॅपवर तर रात्री अकरा-अकराला मेसेज आलेत, दिवसभर मुलं सांभाळून मग लिहायला बसलेल्या लोकांचे. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, कारण बऱ्याच जणांनी आतल्या अडचणी मोकळेपणाने लिहिल्यात.

प्रश्न: आम्ही आठ पालक मिळून तालुक्याच्या गावी समाजमंदिराच्या हॉलमध्ये मुलांना रोज तीन तास एकत्र बसवतो. कुणाला सेरेब्रल पाल्सी आहे, कुणाला ऑटिझम, काही बौद्धिक अक्षम आहेत. एक ताई शिकवायला येतात, त्यांचे पैसे आम्ही वर्गणी काढून देतो. बघता बघता १४ मुलं झाली. सरकारी ग्रँट मिळेल का, कोणती आणि किती? (एक आई, सांगली जिल्हा)

उत्तर: ताई, सगळ्यात आधी तुमचं कौतुक, कारण तालुक्याच्या गावी अशा मुलांना घराबाहेर आणून रोज एकत्र बसवणं हेच मोठं काम आहे. आता स्पष्ट सांगते, आज या घडीला तुमच्या गटाला ग्रँट मिळणार नाही, कारण कागदावर तुमचा गटच नाहीये. पण म्हणून मुलांनी थांबायची गरज नाही. संस्थेला मिळणारा पैसा वेगळा आणि मुलाच्या हक्काचा पैसा वेगळा, आणि दुसरा आजपासून मिळवता येतो.

मुलांच्या हक्काचं आधी बघू. चौदाही मुलांची यूडीआयडी कार्डं (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहेत का? नसतील तर हे पहिलं काम, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज आणि मग सरकारी दवाखान्यात तपासणी. बहुतेक योजनांना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. मग निरामय. ही नॅशनल ट्रस्टची, म्हणजे अशा दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेची, आरोग्य विमा योजना, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व या चार गटांसाठी, म्हणजे तुमची जवळपास सगळी मुलं यात बसतात. वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. फॉर्म नॅशनल ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत भरतात, जिल्ह्यात अशी संस्था कोणती ते शोधून एका दिवशी सगळे मिळून जा. ज्या मुलांचं नाव सरकारी शाळेत आहे त्यांच्यासाठी समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत वर्षाला प्रति मूल ३५०० रुपयांपर्यंत तरतूद असते, आणि जी मुलं शाळेपर्यंत जाऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी घरी येऊन शिकवायचीही सोय योजनेत आहे, पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विचारा. शिवाय ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. हा निधी बऱ्याच ठिकाणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कसाबसा उरकला जातो, त्यामुळे दिवाळीनंतर लगेच लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि ग्रामसभेत विषय घ्या. आठ पालक एकत्र उभे राहिले की सरपंचांना टाळता येत नाही.

आता संस्थेचं. महाराष्ट्रात दोन वाटा जास्त चालतात, सार्वजनिक न्यास म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट, किंवा १८६० च्या कायद्याखाली सोसायटी, आणि सोसायटीची सुद्धा नोंद आपल्याकडे पुढे न्यास म्हणून होते. विश्वस्त निवडताना गावातली वजनदार माणसं शोभेला घेऊ नका, पालकच ठेवा, एखादे निवृत्त शिक्षक आणि सहीला वेळेवर सापडणारा खजिनदार. नंतर विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो राहिला की पुढे प्रत्येक ग्रँटच्या वेळी नडतो. मी बघितलेल्या कितीतरी चांगल्या संस्था कामात कुठेच कमी नव्हत्या, फक्त चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पेंडिंग म्हणून अडकल्या.

पुढचं पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं, मग १२ए (संस्थेला आयकरात सूट) आणि ८०जी (देणगीदाराला आयकरात सूट), मग एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलचा नंबर. आणि सगळ्यात महत्त्वाचं जे लोक विसरतात, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ खाली संस्थेची नोंदणी. कायद्याच्या कलम ५० प्रमाणे दिव्यांगांसाठीची संस्था या नोंदणीशिवाय चालवताच येत नाही, त्यामुळे हिच्याशिवाय सरकारी दार उघडत नाही. अर्ज जिल्ह्याच्या दिव्यांग कार्यालयातून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे जातो. अर्ज मिळाल्यापासून ९० दिवसांत निर्णय द्यायचा असं कायद्यातच लिहिलंय, फॉलोअप करताना हे नम्रपणे पण लेखी आठवण करून देत जा. ही नोंदणी झाली की नॅशनल ट्रस्टकडेही नोंद करा, तिथे पालकांच्या संघटनेला वेगळं स्थान आहे. त्यांच्या दिशा-विकास डे केअर योजनेत लहान मुलांचं शीघ्र हस्तक्षेप (म्हणजे लहान वयातच सुरू केलेली थेरपी आणि शिकवणं) आणि मोठ्यांचं डे केअर दोन्ही येतं, तुमचं काम जवळपास तेच आहे.

कागद होईपर्यंत वर्ष जाईल, कदाचित जास्तच. त्या काळात एक वही मात्र आजपासून ठेवा. रोजची हजेरी, रोजचा खर्च, आणि प्रत्येक मुलाचं महिन्याला चार ओळींचं टिपण, म्हणजे जूनमध्ये एका जागी पाच मिनिटं बसत नव्हता आता पंचवीस मिनिटं मणी ओवतो, चमचा डाव्या हातात धरायला लागला, शी-शूची खूण करून सांगतो. तुम्हाला हे रोजचं वाटेल, पण प्रपोजल वाचणाऱ्या माणसाला "सर्वांगीण विकास" या शब्दातून काहीच कळत नाही, त्या चमच्यातून कळतं.

प्रश्न: मी नाशिकच्या एका संस्थेत प्रोजेक्ट बघतो. सीएसआरसाठी, म्हणजे सामाजिक कामाच्या पैशासाठी, कंपन्यांकडे जातो तर सगळीकडे एकच उत्तर, आम्ही पगाराला पैसे देत नाही, इक्विपमेंट सांगा. एका कंपनीने तर सांगितलं की कायद्याने ५ टक्क्यांच्या वर अॅडमिन देताच येत नाही आणि पगार म्हणजे अॅडमिन. आमच्याकडे दोन ट्रेडमिल पडून आहेत आणि फिजिओथेरपिस्टला द्यायला पैसे नाहीत. काय करावं? (एक कार्यकर्ता, नाशिक)

उत्तर: दादा, या प्रश्नासाठी मी सगळ्यात जास्त जागा ठेवलीये, कारण हेच दुखणं दहापैकी नऊ पत्रांत आहे.

आधी कायदा. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यातलं काहीही एक असेल तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. कशावर करायचे त्याची यादी परिशिष्ट ७ मध्ये आहे, आणि त्यात विशेष शिक्षण आणि दिव्यांगांसाठी रोजगाराचं कौशल्य या गोष्टी नाव घेऊन लिहिलेल्या आहेत. म्हणजे तुमचं काम यादीत ओढूनताणून बसवावं लागत नाही. संस्थेकडे सीएसआर-१ नंबर (असा पैसा घेणाऱ्या संस्थेची कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी) हवा, तो १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झाला.

आता ते ५ टक्के. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या ऑफिसखर्चावर आहे, कंपनीने आपला सीएसआर विभाग चालवायला एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांवर खर्च करू नये म्हणून. राबवणाऱ्या संस्थेचा खर्च त्या मर्यादेत मोजतच नाहीत, कंपनी मंत्रालयाने २०२१ मध्ये प्रश्नोत्तरांचं जे परिपत्रक काढलं त्यात हे स्पष्ट केलंय. ते परिपत्रक डाउनलोड करून फोनमध्ये ठेवा आणि पुढच्या मीटिंगला शांतपणे दाखवा. समोरचा अधिकारी बहुतेक वेळा वाईट नसतो, त्याला वरून कुणीतरी सांगितलेलं असतं आणि तो तेच पुढे सांगतो.

पण कायद्याच्या पुढे जाऊन एक बोलायचंय. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला उभं करणारी मशीन नसते, त्याच्या मागे गुडघे टेकून बसलेली, कंबरेला आधार देऊन रोज तेच तेच करून घेणारी बाई असते. ऑटिझम असलेलं मूल वर्षभरात ज्या एका माणसावर विश्वास ठेवायला शिकतं तो माणूस सात हजारांत भागत नाही म्हणून सोडून गेला की मूल परत मागे जातं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. विशेष शिक्षिकेचा पगार हाच प्रकल्प आहे. तो अॅडमिन नाही. आणि हे आपणच लपवतो, प्रपोजलमध्ये पगार तीन ठिकाणी तोडून टाकतो, "ट्रेनिंग मॉड्यूल डिलिव्हरी" वगैरे नाव देतो. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं कशाला? सरळ लिहा की आम्हाला दोन शिक्षिकांचे पगार हवेत.

लिहायचं कसं ते आकड्यांत दाखवते, आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा २० मुलांचं केंद्र आहे. दोन विशेष शिक्षिका, महिना १८ हजार प्रत्येकी, वर्षाचे झाले ४ लाख ३२ हजार. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोन दिवस, महिना १२ हजार, म्हणजे १ लाख ४४ हजार. मदतनीस ताई ९ हजार, १ लाख ८ हजार. मुलांना आणायची-सोडायची व्हॅन ड्रायव्हर डिझेल धरून महिना २२ हजार, २ लाख ६४ हजार. भाडं आणि लाइटबिल १५ हजार, १ लाख ८० हजार. साहित्य वर्षाला ६० हजार. हिशेब लिहिणारा आणि ऑडिट मिळून ७२ हजार. बेरीज १२ लाख ६० हजार, भागिले २०, एका मुलामागे वर्षाला ६३ हजार, महिन्याला ५२५०. हा शेवटचा आकडा प्रपोजलच्या पहिल्या पानावर टाका. ५२५० रुपयांत एका मुलाला महिनाभर शिक्षिका, थेरपी, ने-आण सगळं मिळतं हे कळलं की कंपनीचा माणूस पगार हा शब्द वेगळ्या नजरेने वाचतो, आणि त्याला आपल्या वरच्यांना समजावायला सोपं जातं.

शिक्षिकांचे आरसीआयचे (भारतीय पुनर्वास परिषदेचे) नोंदणी नंबर, म्हणजे ज्याला सीआरआर नंबर म्हणतात ते, बजेटसोबतच जोडा. पगार एका कायद्याने मान्य केलेल्या तज्ज्ञाला जातोय हे त्यातून दिसतं. आणि मागायचंच असेल तर एका वर्षाचं मागू नका. सीएसआरमध्ये "ऑनगोइंग प्रोजेक्ट" म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम मंजूर करता येतं. आपल्या मुलांची प्रगती मार्चएंडप्रमाणे होत नाही, हे त्यांना समजावून सांगायची जबाबदारी आपलीच आहे.

ट्रेडमिलचं म्हणाल तर पुढच्या वेळी वस्तू घ्यायच्या आधी अट घाला, वस्तूबरोबर वर्षभराचा थेरपिस्ट द्या. नाही म्हणाले तर वस्तूही नको म्हणा. हे म्हणायला जड जातं ते मला माहितीये, नको म्हटलं तर पुढच्या वर्षी उभंच करणार नाहीत अशी भीती असते. पण पडून राहिलेली मशीन बघून पुढचा देणगीदार काय समजतो तेही बघा.

प्रश्न: आमची बौद्धिक अक्षम मुलांची निवासी शाळा विनाअनुदान तत्त्वावर आहे. राज्य सरकारकडून अनुदानावर येण्याची वाट बघून बघून थकलो. शिक्षक सहा-सात हजारांवर काम करतात. केंद्राच्या दीनदयाळ योजनेतून मिळतं असं ऐकलं, तर नेमकं कसं? (एका शाळेचे सचिव, मराठवाडा)

उत्तर: सर, ही दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना, डीडीआरएस. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाची. सध्याचं सुधारित रूप १ एप्रिल २०१८ पासूनचं. विशेष शाळा, शीघ्र हस्तक्षेप केंद्र, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचा प्रकल्प, घरी जाऊन पुनर्वसन अशी ठरलेली मॉडेल्स आहेत आणि प्रकल्पाच्या मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं. मान्य खर्च म्हणजे त्यांच्या तक्त्यातला खर्च हे लक्षात घ्या, तुमचा प्रत्यक्ष खर्च नव्हे. आणि यात शिक्षकांचं मानधन हा धडधडीत वेगळा हेड आहे, म्हणजे सरकारला सुद्धा पगार हा कामाचाच भाग वाटतो, वरच्या नाशिकच्या दादांनी हे पण कंपनीला सांगावं.

अट अशी की संस्थेची नोंदणी होऊन किमान दोन वर्षं झालेली हवीत, २०१६ च्या कायद्याखालची नोंदणी चालू हवी, दर्पण नंबर हवा. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर ऑनलाइन. मग जिल्ह्यातून तपासणी होते, राज्याची शिफारस जाते आणि मग दिल्ली. तपासणीला अधिकारी येतील त्या दिवशी हजेरीपटावरची मुलं, प्रत्यक्षातली मुलं आणि यूडीआयडीची यादी या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. एखादं मूल सणाला घरी गेलं असेल तर रजेचा अर्ज फाइलला लावून ठेवा. बारीक गोष्ट वाटते, पण शेरा यावरूनच पडतो.

आता जे कुणी सांगत नाही ते. हे पैसे वेळेवर येतीलच यावर घर चालवू नका. आधी तुम्ही खर्च करायचा, हिशेब द्यायचा, मग अनुदान, आणि मागच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे यूसी गेल्याशिवाय पुढची रक्कम हलत नाही. म्हणून निदान सहा महिन्यांच्या पगाराएवढी गंगाजळी वेगळी ठेवायचा प्रयत्न करा, शाळेच्या माजी पालकांकडून, गावातल्या व्यापाऱ्यांकडून, गणेश मंडळाकडून, जिथून जमेल तिथून. ग्रँटच्या रकमेवर बँकेत जे व्याज जमतं तेही आपलं नसतं, ते हिशेबात दाखवावं लागतं, त्यामुळे ग्रँटचं खातं वेगळंच ठेवलेलं बरं. त्या पैशातून घेतलेली वस्तू परवानगीशिवाय विकता येत नाही, भंगारात सुद्धा नाही. आणि एकाच शिक्षिकेचा पगार दोन ठिकाणी दाखवू नका, डीडीआरएसमध्येही तीच आणि कंपनीच्या बजेटमध्येही तीच असं केलेल्या संस्था एका ऑडिटमध्ये दोन्हीकडून बाद होतात. थेरपिस्टचे पैसे कंपनीकडून, शिक्षिकांचे डीडीआरएसमधून, अशी वाटणी कागदावर स्पष्ट ठेवा.

राज्याकडचा पाठपुरावा सोडू नका मात्र. ३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग जाहीर झाला. त्या विभागाने विनाअनुदानित शाळांच्या शिक्षकांकडे बघायलाच हवं, पाचशे वेळा सांगावं लागलं तरी सांगायला हवं. सहा हजारांत निवासी शाळेत चोवीस तास काम करणारी माणसं आपल्या भरवशावर तिथे थांबलीत.

प्रश्न: माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, शाळा १८ ला संपली. आता घरीच बसून असतो, चिडचिड वाढलीये. आम्ही काही पालकांनी कार्यशाळा काढली पण ज्यांच्याकडे जातो ते म्हणतात आम्ही फक्त मुलांसाठी देतो. (एक बाबा, ठाणे)

उत्तर: दादा, लहान मुलाचा फोटो बघून खिशात हात जातो आणि मिसरूड फुटलेल्या मुलासाठी जात नाही, हे खरंय आणि मला त्याचा फार राग येतो. मूल १८ वर्षांचं झालं म्हणून त्याची गरज संपत नाही, आई-बापाचं वय वाढतं तशी ती उलट वाढत जाते.

मागताना बाजू बदलून मागा. "दिव्यांग मुलांसाठी मदत" असं न लिहिता कौशल्य आणि रोजगार या खाली अर्ज करा, परिशिष्ट ७ मध्ये ते वेगळं आहेच. कंपनीला विचारा की पैसे नाहीत तर ऑर्डर द्या, दिवाळीच्या पणत्या, कागदी पिशव्या, फाइल, कँटीनला लागणारे मसाले. एका वर्षाची ऑर्डर मिळाली की तो तुमचा पुढच्या ग्रँटचा पुरावा होतो. नॅशनल ट्रस्टच्या दिशा-विकास योजनेत मोठ्या मुलांचं डे केअर बसतं. ज्याला स्वतःचं काही सुरू करायचंय त्याच्यासाठी दिव्यांगांच्या राष्ट्रीय वित्त विकास महामंडळाचं कर्ज आहे, पण ते कर्ज आहे, ग्रँट नाही, त्यामुळे विचार करून. आणि पालकत्वाचा अर्ज अजून केला नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे करून टाका, १८ नंतर त्याच्या वतीने सह्या करायला तो लागतो.

प्रश्न: मी अमेरिकेत असतो, गावाकडे कोल्हापूर भागात एक छोटी संस्था कर्णबधिर मुलांसाठी चांगलं काम करते. आमच्या मराठी मंडळातून १० हजार डॉलर जमतील. कसे पाठवायचे? संस्थेचे अध्यक्ष म्हणाले माझ्या पर्सनल खात्यात टाका, पुढचं मी बघतो. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: अध्यक्षांच्या खात्यात अजिबात टाकू नका. त्यांचा हेतू चांगला असेल, पण परदेशी देणगी नोंदणीशिवाय अशी फिरवून घेणं हा एफसीआरए कायद्याचा भंग आहे आणि त्यात संस्थाच बंद पडू शकते.

आधी ठरवा देणारा कोण. तुमच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट असेल, ग्रीन कार्ड का असेना, तर तुम्ही स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. मंडळातल्या अशा लोकांनी आपापल्या नावाने थेट संस्थेच्या साध्या खात्यात द्यावी आणि पासपोर्टची प्रत संस्थेकडे ठेवावी. पण ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय त्यांचा पैसा परदेशी, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी. आणि मंडळाच्या खात्यातून आला तर सगळाच परदेशी.

परदेशी पैसा घ्यायला संस्थेची एफसीआरए नोंदणी लागते. त्यासाठी किमान तीन वर्षं काम आणि मागच्या तीन वर्षांत मिळून १५ लाख आपल्या मूळ कामावर खर्च झालेले हवेत. छोट्या संस्थेला हे जड जातं. मग विशिष्ट देणगीदाराच्या विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगीची वाट आहे. नोंदणी झाली की पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात, २०२० च्या दुरुस्तीपासून हा नियम आहे. त्याच दुरुस्तीने एका एफसीआरए संस्थेने दुसऱ्या संस्थेला पुढे पैसे देणंही बंद केलं, म्हणजे पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेत टाकून तिथून कोल्हापूरला वळवायचे हे आता चालत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के झाली, पण शाळेच्या शिक्षकांचा पगार, दवाखान्याच्या डॉक्टरांचा पगार त्यात मोजत नाहीत. तेव्हा मंडळात कुणी म्हणालं की आमचे डॉलर पगारात नको जायला, तर त्यांना सांगा की कर्णबधिर मुलाला बोलायला शिकवणारी शिक्षिका रोज मुलाच्या समोर बसून, त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवून आवाजाची थरथर दाखवत एक एक शब्द काढून घेते. श्रवणयंत्र दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या अॅडिप योजनेतून पण मिळू शकतं. शिक्षिका मिळत नाही, तिच्यासाठीच पैसे पाठवा.

प्रश्न: ग्रँट देणारे दरवेळी मुलांचे आधीचे-नंतरचे फोटो मागतात, काही वेळा रडतानाचे. द्यावेत का? (एक विशेष शिक्षिका, चंद्रपूर)

उत्तर: रडतानाचे नाही. कधीच नाही, ग्रँट गेली तरी. काम करतानाचे फोटो द्या, पालकांची लेखी परवानगी घेऊन, मोठ्या मुलांना स्वतःला विचारून, आणि नाव-गाव न छापता. समोरच्याला फार आग्रह असेल तर म्हणा, या आणि अर्धा दिवस वर्गात बसा. जे येतात ते बहुतेक पुन्हा देतात.

प्रश्न: एक एजंट म्हणतो दिल्लीत ओळख आहे, ग्रँट मंजूर करून देतो, १० टक्के आधी द्या. (तिघा वाचकांनी वेगवेगळ्या जिल्ह्यांतून विचारलंय)

उत्तर: देऊ नका. या योजनांच्या अर्जासाठी मध्ये कुणी लागत नाही, पोर्टलवर अर्ज कुठपर्यंत गेला ते तुमच्याच लॉगिनला दिसतं. ते १० टक्के हिशेबात कुठल्या हेडखाली दाखवणार? दाखवता येणार नाहीत, म्हणजे खोटी बिलं लावावी लागणार, आणि तपासणीत सापडलात की जबाबदार विश्वस्त, एजंट नाही. प्रपोजल लिहून घ्यायला मदत हवी असेल तर जवळच्या समाजकार्य महाविद्यालयात जाऊन विचारा, मुलांना फील्डवर्कसाठी संस्था हव्याच असतात. किंवा एखाद्या सीएला ठरलेली फी द्या, रीतसर बिल घेऊन. एजंटने तुमच्याकडून नोंदणीच्या प्रती, पोर्टलचा पासवर्ड घेतला असेल तर पासवर्ड आजच बदला आणि ओटीपी ज्या मोबाइल नंबरवर येतो तो विश्वस्तांपैकी एकाचा आहे ना ते बघून घ्या.